काळपट अल्बम, संथ लॅपटॉप आणि तीन कोटेशने

पत्राचा सारांश : नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका सत्तावीस वर्षांच्या छायाचित्रकाराचे हे पत्र आहे. तिथल्याच महाल भागातल्या एका स्टुडिओत पाच वर्षे साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर यंदापासून ते लग्नाची कामे स्वतःच्या नावावर घेऊ लागले आहेत. सध्याचा लॅपटॉप सात वर्षांचा, ८ जीबी रॅमचा आणि हार्ड डिस्कवर चालणारा आहे. १२ बाय ३६ इंची अल्बमची दोन-तीन शीट उघडली की तो अडकून बसतो. शिवाय छपाईच्या लॅबमधून येणारे अल्बम स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा काळपट निघतात आणि त्यावरून मागच्या हंगामात दोन ग्राहकांनी पैसे अडवून धरले. आईच्या भिशीचे साठ हजार आणि स्वतःची बचत मिळून नव्वद हजारांची तयारी आहे.

बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) दुकानातून तीन कोटेशने मिळाली आहेत. पहिले ७८ हजारांच्या गेमिंग लॅपटॉपचे : कोअर आय५ १३४२०एच, आरटीएक्स ४०५० ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम आणि आणखी एका पट्टीची रिकामी जागा, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची स्क्रीन आणि तिच्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ असा शेरा. दुसरे ७६ हजारांच्या पातळ लॅपटॉपचे : कोअर आय७ १३५५यू, बोर्डावरच जोडलेली १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १४ इंची ओलेड स्क्रीन. तिसरे ९१ हजारांच्या एम४ मॅकबुक एअरचे : १६ जीबी मेमरी, २५६ जीबी साठवण. दुकानदार पहिल्याच्या बाजूने आहे. पुण्यात आयटीत असलेले भाऊजी ‘आय७ मिळत असताना आय५ कशाला?’ असे विचारतात. मित्राच्या मते धरमपेठेतल्या ग्राहकासमोर मॅक उघडला की छाप पडते. काम बहुतेक घरीच चालते, परंतु लग्नसराईत महिन्यातले आठ-दहा दिवस वर्धा, यवतमाळ, भंडारा असा मुक्काम पडतो. दिवाळीच्या सवलती संपण्याआधी निर्णय घ्यायचा आहे. तिन्हींपैकी कोणता घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते लॅपटॉपविषयीचे वाटले. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की त्यात दोन निराळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधलेल्या आहेत. लॅपटॉप अडकतो ही एक आणि अल्बम काळपट येतो ही दुसरी. तुमचे पैसे अडकले ते दुसरीमुळे, खरेदी मात्र तुम्ही पहिलीसाठी करायला निघाला आहात. नव्वद हजार खर्चून लॅपटॉप धावू लागला तरी अल्बम तसाच काळपट येत राहील, असे होऊ शकते, आणि दुकानदाराने सुचवलेल्या कोटेशनात तर रंगांचा घोळ कायम ठेवण्याची पुरेपूर सोय आहे. म्हणून मी आधी अल्बमाकडे वळतो.

पत्रात ओघाओघात तुम्ही एक वाक्य लिहिले आहे : ‘दुपारी पडदे ओढून कूलर लावून बसतो, त्यामुळे स्क्रीन एकदम उजळ दिसते.’ माझ्या मते तुमच्या अडकलेल्या पैशांचे कारण बरेचसे याच वाक्यात आहे. अंधारलेल्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर ठेवलेली स्क्रीन डोळ्यांना गरजेपेक्षा उजळ भासते, फोटो जास्त उघडल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप एक्स्पोजर (फोटोतला उजेड) खाली ओढतो. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते. कागद तसा टाकत नाही, त्याच्यावर पडलेला उजेडच तो परत देतो. त्यामुळे तुम्ही खोलीत ‘बरोबर’ केलेला नवरदेव ग्राहकाच्या बैठकीच्या खोलीत दोन छटा काळवंडलेला निघतो. छपाईशी जुळवायची स्क्रीन साधारण १०० ते १२० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) ठेवावी असा रिवाज आहे. तुमच्या पॅनलची कमाल २५० निट्सच्या आसपास असेल तर पूर्ण ब्राइटनेसवर तुम्ही त्याच्या दुप्पट उजेडात काम करीत होता.

याची परीक्षा आजच करता येईल आणि तिला एक पैसाही लागणार नाही. ज्या अल्बमावरून वाद झाला त्यातली एक प्रिंट घ्या, सकाळी खिडकी उघडी ठेवून टेबलावर बसा, तीच फाइल स्क्रीनवर उघडा आणि प्रिंट स्क्रीनच्या शेजारी धरा. रात्रीच्या वेळी स्क्रीन पिवळट करणारी सोय चालू असेल तर ती आधी बंद करा. आता प्रिंटच्या कडेचा कोरा पांढरा आणि स्क्रीनवरचा पांढरा डोळ्यांना सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जा आणि जिथे थांबाल तिथे पट्टीवर खूण करून ठेवा. त्या ब्राइटनेसवर तुमची जुनी फाइल प्रिंटइतकीच काळपट दिसू लागली, तर लॅबचा दोष नव्हता आणि लॅपटॉपच्या वेगाचाही नव्हता. मग तीच फाइल थोडी उजळून त्याच लॅबकडून ८ बाय १२ ची एकच प्रिंट मागवा. पुढच्या ग्राहकाचे तीस शीटचे अल्बम छापून पाहण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

उजेडाचे झाले, रंगाचे थोडे अवघड आहे. पहिल्या कोटेशनातला ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते हे सांगणारे एक जुने माप) हा शेरा दुकानदाराने प्रामाणिकपणे लिहिला, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण बरेच जण तो लिहीतच नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा की ती स्क्रीन एसआरजीबी या रंगपट्ट्याचा, म्हणजे रंगांच्या ठरवून दिलेल्या आवाक्याचा, जेमतेम दोनतृतीयांश भाग दाखवू शकते. एसआरजीबी हा १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ठरवलेला रंगपट्टा आहे आणि आपल्याकडच्या अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब आजही त्याच पट्ट्यातली जेपीजी फाइल गृहीत धरतात. जो लाल रंग स्क्रीनला दाखवताच येत नाही तो तुमच्यासमोर विटकरी होऊन येतो. नवरीचा शालू असा विटकरी दिसला की तुम्ही सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवता, हळदीचा पिवळा फिका वाटला की त्यालाही थोडे चढवता. लॅबचे यंत्र मात्र फाइलमध्ये लिहिलेले आकडे जसेच्या तसे छापते आणि घरी येतो तो डोळ्यांत खुपणारा शालू, ज्याच्या जरीची वीण लाल रंगाच्या गोळ्यात बुडून गेलेली असते.

याच्या उलट चूक मी स्वतः केली आहे. २०१२ साली, ‘मोठा रंगपट्टा म्हणजे चांगला’ असे कुठेतरी वाचून, मी एका लग्नाचा आख्खा अल्बम अॅडोब आरजीबीमध्ये तयार करून लॅबला पाठवला. लॅबने त्या फाइली एसआरजीबी समजून छापल्या आणि सगळे लग्न धुवट, निस्तेज होऊन परत आले. मेंदीचा रंग तर चहा सांडल्यासारखा दिसत होता. चूक सर्वस्वी माझी होती, फेरछपाईचा खर्चही माझाच झाला. तेव्हापासून फाइल पाठवताना तिच्यात एसआरजीबीचे प्रोफाइल (फाइल कोणत्या रंगपट्ट्यातली आहे हे सांगणारी नोंद) जोडलेले आहे ना, हे मी लग्नाची तारीख तपासावी तसे तपासतो. तुमच्या लॅबने स्वतःचे छपाई-प्रोफाइल दिले तर उत्तमच. मागून पाहा, न मागता ते कोणी देत नाही.

आता लॅपटॉप अडकण्याकडे येतो. इथेही एक गृहीतक तपासून घ्यावेसे वाटते. तुम्ही, तुमचे भाऊजी आणि दुकानदार असे तिघेही प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांवर वाद घालत आहात, परंतु सध्याचा लॅपटॉप नेमका कशामुळे अडकतो, हे कोणीच पाहिलेले दिसत नाही. तीन शीट उघडा, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचा भाग समोर ठेवा आणि काम करता करता लक्ष द्या. मेमरी नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर जाऊन बसली असेल आणि प्रोसेसर मात्र तीस-चाळीस टक्क्यांवर रमतगमत चालला असेल, तर अडचण प्रोसेसरची नाही. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीतही ‘एफिशिअन्सी’ दाखवण्याची सोय आहे. तो आकडा शंभराखाली उतरला की समजावे, फोटोशॉपला रॅम पुरत नाही आणि ते डिस्कवर भागवून घेत आहे.

तुमच्या बाबतीत काय दिसेल याचा अंदाज कागदावरही बांधता येतो. १२ बाय ३६ इंचांचे शीट ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलचे होते, म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. आठ बिटांत प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर पूर्ण आकाराचा एक लेअर (एकावर एक रचलेल्या थरांपैकी एक) सुमारे ११७ एमबी जागा घेतो, सोळा बिटांत त्याच्या दुप्पट. पार्श्वभूमी, टेम्पलेट, पाच-सहा फोटो, सावल्या, नावाची अक्षरे असे दहा लेअर पूर्ण आकाराचे धरले तर एकाच शीटला एक जीबीच्या वर मेमरी लागते. त्यावर फोटोशॉप मागे जाण्यासाठी मूळ सेटिंगनुसार पन्नास पायऱ्या लक्षात ठेवते, तेही फुकट होत नाही. ८ जीबीपैकी विंडोज आणि ब्राउझर आपला वाटा आधीच घेऊन बसलेले असतात. अशा वेळी हार्ड डिस्कला रॅमचे काम करायला लावणे म्हणजे बैलगाडीला समृद्धी महामार्गावर सोडण्यासारखे आहे.

म्हणून तुमच्या कामासाठी माझा क्रम असा आहे : आधी स्क्रीन, मग रॅम, मग एसएसडी, नंतर प्रोसेसर आणि सर्वांत शेवटी ग्राफिक कार्ड. दुकानातले स्टिकर नेमके याच्या उलट क्रमाने लावलेले असतात.

तिन्ही कोटेशने या क्रमाने लावून पाहू. भाऊजींचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण आय७ हा आय५ च्या पुढचा, असे नावावरून तरी वाटतेच. परंतु नावाच्या शेवटी असलेले अक्षर अधिक बोलके आहे. १३५५यू मधला ‘यू’ म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी १५ वॅटच्या मूळ मापावर बांधलेला प्रोसेसर. त्यात दोन दमदार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ काटकसरी कोअर आहेत. १३४२०एच मधला ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचे मूळ माप. त्यात चार दमदार आणि चार काटकसरी कोअर आहेत. एखादा फोटो उघडून त्यावर ब्रश फिरवण्यात तुम्हाला दोघांत फरक जाणवणार नाही, कदाचित आय७ कणभर चपळही वाटेल. हजारभर रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइली) एका दमात जेपीजी करायला लावले की मात्र ‘यू’ थोड्या वेळाने धापा टाकतो आणि ‘एच’ टिकतो. तेव्हा भाऊजींना एवढेच सांगा की त्यांचा आय७ ऑफिसच्या कामाला अगदी योग्य आहे. (इंटेलऐवजी एएमडी या कंपनीचा प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एक जाता जाता : २०२३ पासूनच्या रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पिढी सांगतो. ७७३०यू मधला ३ आणि ७८४०एचएस मधला ४ यांत आख्ख्या पिढीचा फरक आहे, जरी दोन्हींवर ‘रायझन ७’ असेच लिहिलेले असले.)

दुसऱ्या कोटेशनातली ओलेड स्क्रीन सुंदर आहे, हे मान्य करूनच तिच्याविषयी तीन गोष्टी सांगतो. तिचा रंगपट्टा एसआरजीबीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे सेटिंगमधून एसआरजीबी मोड लावला नाही तर तुमचे फोटो असतात त्यापेक्षा भडक दिसतील आणि तुम्ही ते फिके करून पाठवाल. फोटोशॉपच्या पट्ट्या रोज आठ-दहा तास एकाच जागी स्थिर राहतात, आणि ओलेडवर अशा स्थिर आकृतींचे पुसट डाग कालांतराने राहू शकतात. तिसरी गोष्ट आकाराची : १४ इंची स्क्रीनची रुंदी असते सुमारे १२ इंच, म्हणजे तुमचे तीन फूट लांबीचे शीट तिच्यावर जेमतेम चार इंच उंचीची पट्टी होऊन बसेल. त्या पट्टीत वरपित्याच्या फेट्याची घडी पाहण्यासाठी दिवसभर आत-बाहेर झूम करत राहावे लागेल. आणि रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असल्यामुळे आज घेतलेली १६ जीबी शेवटपर्यंत १६ जीबीच राहील.

मॅकबुक एअरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. स्क्रीन चांगली, बॅटरी दिवसभर टिकते, मुक्कामी न्यायला हलका. तुमच्यासाठी मला खटकते ती साठवण. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल २५ ते ३० एमबीची धरली आणि साखरपुडा, हळद, लग्न व स्वागत समारंभ मिळून दोन कॅमेऱ्यांवर चार हजार फ्रेम पडल्या, तर एका लग्नालाच १०० ते १२० जीबी लागतात. २५६ जीबीमधून प्रणाली आणि सॉफ्टवेअर वजा केले की एक लग्न कसेबसे मावते, आणि ही साठवण नंतर वाढवून घेता येत नाही. शिवाय या यंत्रात पंखाच नाही. अॅपलने वापरासाठी सांगितलेली हवेची मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मेच्या अखेरीस नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या घरात असताना कूलर लावलेल्या खोलीतही ती सांभाळणे कठीण, आणि लांबलचक एक्स्पोर्टच्या (पुष्कळ फोटो एका दमात जेपीजी करण्याच्या) वेळी ते यंत्र स्वतःला थंड ठेवण्यासाठी वेग उतरवते. एसडी कार्डाची खाच नाही, तिच्यासाठी वेगळा रीडर सांभाळा. आणखी एक अडचण लोकांना घेतल्यानंतर कळते : विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्क मॅक वाचतो, पण त्यांवर थेट लिहीत नाही. तुम्ही ज्यांच्यासाठी काम करता त्या स्टुडिओंच्या डिस्क बहुधा तशाच असतील. अल्बमच्या पहिल्या शीटवरचे ‘चि. सौ. कां.’ ज्या जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टांत लिहिता ते आणि तुमचे टेम्पलेट संच मॅकवर नीट उघडतात का, हे आधी एखाद्या मित्राच्या यंत्रावर पाहून घ्या. छाप पडण्याविषयी तुमच्या मित्राशी मला वाद घालायचा नाही. मात्र मागच्या हंगामात ज्या दोघांनी पैसे अडवले त्यांनी तुमचा लॅपटॉप पाहून अडवले नव्हते.

राहता राहिले पहिले कोटेशन, आणि माझा कल त्याच्याकडेच आहे, पण जसेच्या तसे नाही. दुकानदाराला दोन बदल विचारा. एक, याच मालिकेत १०० टक्के एसआरजीबी पॅनल असलेले मॉडेल आहे का. अनेक गेमिंग लॅपटॉप एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या पॅनलसह विकले जातात आणि फरक फक्त लांबलचक मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत असतो, म्हणून तो पूर्ण क्रमांक मागून कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. दोन, त्या बदल्यात ४०५० ऐवजी ६ जीबीचे ३०५० कार्ड चालेल, असे सांगा. तुमचे काम मुख्यतः फोटोशॉपमधल्या शीटचे आहे, त्यात कार्डाचा वाटा मर्यादित आहे. तिथे वाचणारे पैसे स्क्रीनमध्ये जाऊ द्या.

तसे पॅनल मिळालेच नाही, तर लॅपटॉप कोटेशनातला घेऊन घरी २४ इंची आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर जोडा, ज्याच्या माहितीपत्रकात एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के असे स्पष्ट लिहिलेले असेल. तो साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतो. रंगाचा अंतिम निर्णय त्याच्यावर घ्यायचा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर फोल्डर आणि पट्ट्या ठेवायच्या. वर्धा-यवतमाळच्या मुक्कामात तुम्ही कार्ड रिकामी करता आणि फोटो निवडता, तेवढ्याला ४५ टक्क्यांची स्क्रीन पुरते. फक्त तिथे रंगांना हात लावायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. खरे तर मी तुमच्या जागी असतो तर मॉनिटर याच आठवड्यात घेऊन आजच्या जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयने जोडला असता, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या अल्बमापासूनच रंगाची तक्रार थांबली असती. मग लॅपटॉपची घाई उरत नाही. दिवाळीच्या सवलतींत बरेचदा मागच्या वर्षीचा साठा निघत असतो. तो घेण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी धावायला नको.

रॅम सुरुवातीला १६ जीबी पुरेल. एक जागा रिकामी आहे हे पहिल्या यंत्राचे मोठे भांडवल आहे. पुढे दुसरी १६ जीबीची पट्टी बसवली की ३२ जीबी होतील आणि दोन पट्ट्या जोडीने चालल्याने थोडा वेगही वाढेल. एसएसडीसाठी दुसरी एम.२ खाच आहे का, तेही विचारून ठेवा. ५१२ जीबीवर चालू असलेली दोन-तीन लग्नेच ठेवायची आणि पूर्ण झालेले काम दोन वेगवेगळ्या बाह्य हार्ड डिस्कवर न्यायचे, त्यातली एक स्वतःच्या घरी ठेवायची नाही. बहिणीकडे ठेवा, मित्राकडे ठेवा. त्याच खोलीतल्या त्याच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती या चोराच्या किंवा आगीच्या हिशेबी एकच प्रत असते. या दोन डिस्कचे पैसेही खर्चात आधीच धरा. लग्न पुन्हा लावता येत नाही.

हे वाचणाऱ्यांत ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याला जाणारेही असतील, त्यांच्यासाठी माझा क्रम बदलतो. पहाटे जिप्सीतून ६४०० आयएसओवर (कमी उजेडासाठी वाढवलेल्या संवेदनशीलतेवर) घेतलेला वाघ दाणेदार येतो आणि लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलेली एआय डीनॉइझची सोय तो दाणा सुरेख काढते, परंतु तिचा सगळा भार ग्राफिक कार्डावर पडतो. चांगल्या कार्डावर फोटोमागे काही सेकंद लागतात, तर प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सवर काही मिनिटे. सफारीहून दोनशे फोटो निवडून आणणाऱ्याला हा फरक रात्रभर पुरतो. अशांनी ४०५० सोडू नये. ज्यांना केवळ घरगुती फोटो किंवा दुकानाच्या वस्तूंचे फोटो सुधारायचे आहेत, त्यांना तर वेगळ्या कार्डाची गरजच नाही. चांगली स्क्रीन आणि १६ जीबी रॅम असलेला पातळ लॅपटॉप त्यांना वर्षानुवर्षे साथ देईल.

गेमिंग लॅपटॉपचे दोष लपवून ठेवणे बरे नव्हे. वजन दोन किलोच्या वर, त्यात विटेएवढा अॅडॉप्टर; बॅटरीवर तो लवकर दमतो आणि वेगही उतरवतो, म्हणून महावितरणने दगा दिला की सेव्ह करून थांबायची तयारी ठेवा. पंख्यांचा आवाज येतो, पण नागपुरात कूलर चालू असताना तो कोणाला ऐकू येणार आहे? कूलरची गोष्ट निघालीच आहे तर, लॅपटॉप त्याच्या झोतासमोर ठेवू नका. गार हवा म्हणून बरे वाटते, परंतु त्या हवेत ओल असते, कधी तुषारही येतात, आणि आपल्याकडचे पाणी कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढवते तो तुम्ही दर उन्हाळ्यात खरवडून काढत असालच. झोताच्या बाजूला, कडक टेबलावर, मागून बोटभर उंच करून ठेवा. गादीवर तर मुळीच नको. लांबलचक एक्स्पोर्ट मे महिन्यात पहाटेवर ढकला.

पैशांविषयी दोनच गोष्टी. दुकानदार बिनव्याजी हप्त्याची गळ घालेल. त्यात व्याज सवलत म्हणून वजा दाखवले जाते, परंतु त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क बहुधा तुमच्याच माथी येते, शिवाय रोखीतली सूट हातची जाते. भिशीचे पैसे हाताशी आहेत तर हप्ता कशाला? आणि लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, तेव्हा तुमची नोंदणी असेल तर बिल तुमच्या व्यवसायाच्या नावाने आणि क्रमांकासह घ्या. नसेल तरी पक्के बिल घ्याच. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी आहे की यंत्र घेऊन सेवा केंद्रात जावे लागेल, हेही तिथेच लिहून घ्या. ऐन वैशाखात बंद पडलेला लॅपटॉप दहा दिवस केंद्रात पडून राहणे तुम्हाला परवडणार नाही.

दुकानात जाताना एका पेन ड्राइव्हवर तुमच्या स्वतःच्या वीस रॉ फाइली, लालभडक शालूचा एक फोटो आणि त्याच फोटोची लॅबमधून आलेली प्रिंट न्या. दुकानदार तोंडाने टक्के सांगत असताना तुम्ही ती प्रिंट प्रत्येक स्क्रीनशेजारी धरून पाहा. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांत हे माप अचूक ठरत नाही, पण ४५ आणि १०० टक्क्यांतला फरक तिथेही लपत नाही. यंत्र घरी आल्यावर पहिल्याच रात्री पाचशे फोटो एक्स्पोर्टला लावून शेजारी बसा, पडद्यावर एखादा मेलेला ठिपका दिसतो का ते काळ्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहा, आणि बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत खोका फेकू नका.